अजून चावतोय

गुलाबी फुलांची चादर अंगाभोवती गुंडाळून स्टुलावर बसलेल्या पुरुषाच्या प्रेमात कोणी पडत नाही, असं मावशीचं ठाम मत होतं. पण मावशीच्या ठाम मतांचं काय सांगावं… दर धुण्याला ती थोडी थोडी विटत, आणि शेवटी मूळ रंग कोणता होता हे तिचं तिलाही आठवत नसे.

चादर मावशीच्या लाँड्रीतलीच होती, कुणीतरी धुवायला टाकून न्यायला विसरलेली. आणि तिच्यात गुंडाळलेला होता समोरच्या नव्या इमारतीत लिफ्ट बसवायला आलेला मेकॅनिक. दुपारच्या सामसुमीत तो जवळजवळ पळतच रस्ता ओलांडून आला होता. शर्टाच्या छातीवर तळहाताएवढा ग्रीसचा डाग होता.

"हा आत्ता निघेल?"

काउंटरमागच्या मुलीने आधी डागाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "निघेल की. ठेवून जा, उद्या—"

"उद्या नाही हो! आत्ता. थोड्या वेळात इमारतीचे मालक येतायत काम बघायला."

"मग दुसरा घालून या ना."

"तीनच आहेत. दोन वाळतायत."

"एकूण… तीन?"

"तीन पुरतात. एक अंगात, एक दोरीवर, एक बॅगेत. आज बॅगेतलाही दोरीवर गेला, तिथं घोळ झाला." हे सगळं तो इतक्या सरळपणे म्हणाला, की तिला हसू दाबणं कठीण गेलं. तिने वळून फडताळातली चादर काढली आणि त्याच्या हातात ठेवली.

या मुलीला सगळी गल्ली घडीताई म्हणायची. लहानपणापासून ती मावशीकडेच वाढली होती, आणि शाळेत असल्यापासून कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने घडी घातलेला शर्ट पुस्तकासारखा चौकोनी असायचा. कॉलर ताठ, बाह्या आत दडलेल्या, वरून कागदाची पट्टी. लोक म्हणायचे, हिच्या हातची घडी मोडताना जिवावर येतं.

लिफ्टवाल्याचा शर्ट हातात घेतला आणि तिला नवलच वाटलं. कापड जुनं होतं, पण किती मऊ! झिजलेली कॉलर उसवून, उलटी करून पुन्हा शिवलेली होती. तुटलेल्या बटणाच्या जागी अगदी त्याच रंगाचं बटण, त्याच रंगाच्या दोऱ्याने लावलेलं.

"कुणी शिवलं हे?"

"मीच." चादर खांद्यावर सावरत तो म्हणाला. "गावोगावी फिरतो, कुणाला सांगणार?"

ती डागावर पावडर चोळत राहिली. पण एवढ्या निगुतीने वापरलेला कपडा तिने बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता, आणि हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं असावं. कारण तो चादरीच्या आत जरा ताठ बसला.

मग त्याची नजर आतल्या टेबलावर गेली. तिथं एक अवाढव्य सुटकेस आ वासून पडली होती, आणि तिच्यातून कपडे उतू जात होते.

"कुणी घर सोडून चाललंय का?"

"मी सुट्टीवर चाललेय," ती म्हणाली. आणि हे वाक्य आपण आयुष्यात पहिल्यांदा म्हणतोय हे लक्षात येऊन थोडीशी लाजली.

खरंच पहिल्यांदा. दर सुट्टीच्या मोसमात गल्लीतली माणसं जायच्या आधी कपडे टाकायची, आल्यावर पुन्हा टाकायची. तिने इतरांच्या खिशांतून समुद्राची वाळू झटकली होती, स्वेटरांतून डोंगरातलं गवत वेचलं होतं. समुद्र आणि डोंगर तिच्यापर्यंत यायचे ते असे, धुवायला. यंदा मात्र मावशीने जाहीर केलं होतं, "माझे गुडघे माझं ऐकतायत तोवर जाऊन येऊ. आधी डोंगर, मग समुद्र. दुकानाला कुलूप!" छोट्या बसने जायचं होतं आणि बसवाल्याने बजावलं होतं, माणशी एकच बॅग, तीही मांडीवर मावेल एवढी.

"आणि ही सुटकेस मांडीवर घेणार तुम्ही?"

"तुम्हाला काय करायचंय?" ती फणकारली. पण तिचाच जीव टांगणीला लागला होता. म्हणून पुढे हळूच म्हणाली, "…काय काढू, तेच कळत नाही."

"सगळे नवे दिसतायत."

नवेच होते. चांगल्या प्रसंगाला घालू म्हणून ती कपडे घ्यायची आणि ठेवून द्यायची. चांगला प्रसंग आला, की त्याहून चांगल्या प्रसंगासाठी ठेवायची. लोकांच्या कपड्यांच्या घड्या घालता घालता स्वतःच्या एकाही कपड्याची घडी मोडायची राहून गेली होती.

"असं करा," तो म्हणाला, "एकेकाला मुलाखतीला बोलवा. तीन कामं येत असतील तरच नोकरी."

"म्हणजे?"

"हे मखमली जाकीट. काय काय येतं त्याला?"

"छान दिसता येतं."

"दुसरं?"

"…वजन वाढवता येतं," तिने कबूल केलं, आणि दोघंही हसली.

मग मुलाखतींना रंग चढला. पांढऱ्या पँटला बसच्या सीटची भीती वाटते म्हणून ती नापास. चमचमत्या झग्याला नुसतं उभं राहता येतं, बसता येत नाही, तोही नापास. निळी सुती पँट मात्र डोंगर चढेल, बसमध्ये झोपेल, समुद्रावर गुडघ्यापर्यंत दुमडता येईल, म्हणून ती पहिल्या फटक्यात पास. मोठा करडा स्कार्फ थंडीत गळ्याला, उन्हात डोक्याला आणि प्रवासात उशीला चालेल. खाकी ड्रेस निळ्या पँटवरही जातो आणि एकटाही शोभतो.

"आणि बघा, सगळ्यांचं एकमेकांशी पटलं पाहिजे. हा फक्त तिच्याशीच बोलेल, असा हट्टी कपडा नको," तो म्हणाला. "शिवाय सुरकुत्या पडणारं काही घेऊ नका. इस्त्री लागता कामा नये."

"इस्त्री लागता कामा नये?" तिने गरम इस्त्री उचलून धरली. "माझ्या दुकानात, माझीच चादर पांघरून, माझ्याच पोटावर पाय देताय?"

तो इतका मनमोकळा हसला की चादर खांद्यावरून घसरली. तिने घाईघाईने शर्टाकडे पाहिलं. शर्टाकडेच. निदान बराच वेळ.

"वरून घालायला हलकं काहीतरी हवं अजून," डोळे मिटून विचार करत तो म्हणाला. "थंडीत चालेल, उन्हातही चालेल असं. ते या ढिगाऱ्यात नाहीये."

"बघते मी. …आणि माणसाला? माणसाला किती कामं यायला हवीत?"

प्रश्न तोंडातून निसटला खरा. इस्त्रीची वाफ मधे आली म्हणून बरं झालं.

"माणसाला एक आलं तरी पुरे," तो म्हणाला. "बरोबर चालता आलं पाहिजे."

शर्ट तयार झाला. डागाचा मागमूस नव्हता. तिने सवयीने घडी घातली, पट्टी लावली आणि हातात दिली. आणि त्याला तो तिथंच घालायचा होता! तो घडीकडे बघत राहिला.

"मोडा की," ती म्हणाली.

"जिवावर येतं हो," तो म्हणाला, आणि चादर गुंडाळलेल्या हातांनी हळूच पट्टी काढली.

*

बूट तिने दुसऱ्या दिवशी घेतले. टाचांचे सँडल डोळ्यांत भरले होते, पण कानात तोच आवाज होता, याला तीन कामं सांगा. म्हणून तिने कातडी, सपाट तळाचे, मातकट रंगाचे बूट घेतले. डोंगरावर धरून राहतील, समुद्रकाठी काढून हातात घेता येतील, आणि खाकी ड्रेसखालीही वाईट दिसणार नाहीत. घरी येईपर्यंत डाव्या टाचेवर फोड आला.

"नवे बूट घालून कधी सुट्टीवर जाऊ नये," काउंटरवर शर्ट ठेवत तो म्हणाला. "आधी रुळवायचे. चावायचं तितकं त्यांना इथंच चावू द्यायचं."

"कसे रुळवायचे?"

"चालून. रोज संध्याकाळी थोडं थोडं." तो खिडकीबाहेर बघू लागला. "मलाही काम संपल्यावर पाय मोकळे करायचे असतातच…"

मावशीने ड्रॉवरमधून चिकटपट्टी काढून भाचीच्या डाव्या टाचेला लावली आणि एवढंच म्हणाली, "लांब जाऊ नका. पायांना सवय नाही." पायांना, यावर तिने जरा जास्तच जोर दिला.

तर अशी रोजची फेरी सुरू झाली. दुकानापासून निघायचं, बेकरीवरून वळायचं, शाळेच्या भिंतीला लागून चालत पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं, आणि परत. तो तिच्या चालीने चालायचा. ती थांबली की थांबायचा, आणि थांबलोय असं दाखवायचा नाही. कुठल्यातरी इमारतीकडे मान वर करून बघत बसायचा, म्हणजे तिला बुटाची नाडी सैल करायला संकोच वाटू नये. एकदा झिमझिम पाऊस आला. दोघं बेकरीच्या पत्र्याखाली उभी राहिली. पावाचा गरम वास येत होता, आणि तिच्या खांद्यापासून त्याचा खांदा बोटभर अंतरावर होता. दोघांपैकी कुणीही ते बोटभर अंतर मोडलं नाही.

"लिफ्ट बसवून झाली की काय करता?" तिने विचारलं.

"पुढचं गाव. पुढची लिफ्ट."

"आणि आधीची? तिची आठवण नाही येत?"

"आजवर नाही आली," तो म्हणाला. आणि मग पाऊस थांबलेला असूनही तो बराच वेळ तिथंच उभा राहिला.

तिसऱ्या का चौथ्या संध्याकाळी एक भलतीच गोष्ट घडली. बूट चावायचे थांबले. कातडं मऊ झालं, टाच आत सुखाने बसली. पण तिला मुळीच आनंद झाला नाही. बूट रुळले म्हणजे फेऱ्या संपल्या की!

"कसे आहेत आता?" त्याने विचारलं.

"अजून चावतोय," ती म्हणाली, आणि पुरावा म्हणून लंगडली.

बोलता बोलता ते रोजचंच होऊन गेलं. "अजून चावतोय?" "अजून चावतोय." तो गंभीरपणे मान हलवायचा आणि म्हणायचा, "कातडं चिवट दिसतंय. उद्या टाकीच्या पलीकडपर्यंत जाऊन बघू." आणि ती लंगडत, मनातून अगदी नाचत, त्याच्याबरोबर जायची.

पण लबाडी फक्त तिच्याच खात्यावर होती असं नाही. तो रोज एक शर्ट धुवायला आणायचा, आणि तो शर्ट मळलेला नसायचा. आयुष्यभर लोकांचे कपडे हाताळलेल्या मुलीला हे न कळायला काय झालं! ना घामाचा वास, ना कॉलरला रेघ. ग्रीसमध्ये राबणाऱ्या माणसाचा शर्ट इतका निर्मळ?

"या लिफ्टवाल्याला घाम येत नाही का गं?" मावशी शर्ट हुंगत म्हणाली.

"स्वच्छतेची आवड असेल एखाद्याला."

"असेल, असेल. आम्हीही तरुणपणी फार स्वच्छ होतो." मावशीने शर्ट तिच्या हातात दिला आणि ताकास तूर लागू न देता आत निघून गेली.

ती मात्र कुणाला काही बोलली नाही. बोलली असती तर त्याने शर्ट आणणं बंद केलं असतं. ती त्या स्वच्छ शर्टाला पुन्हा इस्त्री फिरवायची, पुन्हा घडी घालायची, आणि ती घडी घालताना तिच्या बोटांना उगाचच वेळ लागायचा. हा शर्ट तिला आवडू लागला होता. तीनच गोष्टींवर जगणारा, पण त्या तिन्ही जिवापाड जपणारा हा माणूस तिला फार, फार आवडू लागला होता.

आणि समोरची लिफ्ट मजल्यामागून मजला वर सरकत होती. दिवे लागले, दारं लागली. ती सुट्टीवरून परत येईल तेव्हा लिफ्ट चालू झालेली असणार होती, आणि तो गेलेला. बोलायचं असेल तर जायच्या आधी. पण काय बोलायचं? आणि तो नुसताच हसला तर? सुट्टीचा दिवस जवळ येत होता आणि आयुष्यातल्या पहिल्या सुट्टीवर तिचा राग राग होऊ लागला होता.

*

निघायच्या आदल्या संध्याकाळी फेरीसाठी ती तयार होऊन बसली होती. मांडीवर मावेल एवढी बॅग भरून काउंटरवर ठेवलेली होती. वरून घालायचं ते हलकं काहीतरी मात्र तिला अजून सापडलं नव्हतं.

तो आला आणि नेहमीसारखा शर्ट पुढे ठेवला. ती बघतच राहिली. शर्टावर तिचीच घडी होती. कालची. कागदाची पट्टीसुद्धा जागची हललेली नव्हती.

"हा… मोडलाच नाहीत तुम्ही?"

तो गोरामोरा झाला. "गडबडीत तसाच उचलला वाटतं."

"हा मळलेला नाहीये," ती हळू आवाजात म्हणाली. "कालचाही नव्हता. परवाचाही नव्हता."

चोरी पकडली गेली. तो काही क्षण काउंटरच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. मग मान वर करून म्हणाला, "पट्टी डाव्या टाचेला आहे तुमच्या."

"…मग?"

"लंगडता तुम्ही उजव्या पायाने."

तिने झटकन खाली पाहिलं. मग तोंडावर हात घेतला. कानापर्यंत तापलेल्या चेहऱ्याने तिने विचारलं, "केव्हापासून माहीत आहे?"

"पहिल्या लंगडण्यापासून."

"आणि बोलला नाहीत!"

"बोललो असतो तर तुम्ही नीट चालायला लागला असता," तो म्हणाला. "आणि मला शर्ट आणायला काहीतरी कारण हवं होतं. घालायला घडी मोडवेना म्हणून दोन शर्टांवर भागवत होतो, इथं येतानाच काय ती मोडायचो. एक अंगात, एक दोरीवर. तिसरा तुमच्याकडे येऊन-जाऊन."

आत मावशीच्या हातातून इस्त्री जरा मोठ्याने खाली ठेवली गेली. तिला हसावंसं वाटत होतं आणि रडावंसंही.

त्याने तो घडी न मोडलेला शर्ट उचलून तिच्या बॅगेवर ठेवला.

"वरून घालायला हलकं काहीतरी हवं होतं ना."

तिने शर्टावर तळहात ठेवला. सवय सुटेना. "याला… तीन कामं येतात?"

"डोंगरात थंडी वाजली तर ड्रेसवरून. समुद्रावर ऊन लागलं तर उघड्या हातांवरून."

"आणि तिसरं?"

"परत द्यायला यावं लागेल."

"पण तुम्ही तर… लिफ्ट तर झाली."

"नवी आहे हो," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "नवी लिफ्ट रुळवावी लागते. रोज थोडी थोडी वरखाली करून."

*

डोंगर सुंदर होता. समुद्र त्याहून सुंदर होता. मावशीने दोन्हीकडे बघून "बरा आहे" असा शेरा दिला आणि भाचीच्या अंगातल्या पुरुषी शर्टाबद्दल चकार शब्द काढला नाही. निळी पँट डोंगर चढली आणि लाटांत गुडघ्यापर्यंत दुमडली गेली. बुटांनी एकदाही तक्रार केली नाही. किती चालली ती त्यांच्यावरून! पण दर वळणावर शेजारी कुणी मान वर करून इमारत बघत थांबलेलं नाही, हे तिला जाणवायचं. चालता येत होतं, पण कुणी बरोबर नव्हतं.

परतीची बस गल्लीच्या तोंडाशी थांबली तेव्हा संध्याकाळ होत होती. समोरच्या इमारतीत लिफ्टचा दिवा वर गेला, खाली आला. मावशी कुलूप काढेपर्यंत तो रस्ता ओलांडून आलाही होता.

"आलात?"

"आले." तिच्या अंगात त्याचा शर्ट होता. चुरगळलेला, कॉलर एका बाजूला कललेली, बाह्या दुमडलेल्या. तिने तो काढून, ड्रेसवरच्या सुरकुत्या सावरत, जसाच्या तसा त्याच्यापुढे धरला.

"घडी नाही घातलीत?"

"नाही. धुतलाही नाही."

त्याने खिशात बोटं घातली. बोटांना वाळू लागली. आयुष्यभर दुसऱ्यांचे खिसे झटकणाऱ्या मुलीने हा एक खिसा भरून आणला होता.

"तुम्ही पाहिला नाहीत ना समुद्र माझ्याबरोबर," ती म्हणाली. "म्हणून." मग घाबरत घाबरत विचारलं, "लिफ्ट रुळली?"

"मालक म्हणतात, कधीच रुळली. मी म्हणतो, अजून चावतेय." तो हसला, पण लगेच गंभीर झाला. "कंपनीला कळवलंय. लिफ्ट बसवणारे गावोगाव फिरतात. सांभाळणारे एका जागी राहतात. इथल्या लिफ्टा सांभाळायचं काम मी मागून घेतलं. मिळालं." त्याने खिशातली वाळू बोटांनी चाचपली. "तीन गोष्टींवर भागायचं माझं. चौथी कधी लागली नाही. आता लागतेय… तू लागतेयस."

तू. इतके दिवस जपून ठेवलेल्या 'तुम्ही'ची घडी त्याने मोडली होती, आणि तिला ते इतकं आवडलं की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"शर्ट इथंच बदलायचा असेल तर चादर फडताळात आहे!" आतून मावशी ओरडली.

तो लाजला आणि तिला हसू आवरेना. हसतच तिने बॅग दुकानाच्या पायरीवर ठेवली. तिच्या पायांत ते मातकट बूट होते, जुन्यासारखे मऊ झालेले.

"चल," ती म्हणाली. "टाकीपर्यंत जाऊन येऊ."

"आत्ता? प्रवासातून आलीस. आणि बूट तर रुळले ना तुझे?"

"बूट रुळले रे," त्याचा हात हातात घेत ती म्हणाली. "आपण कुठे रुळलोय अजून!"